सहा कागदांवरची खाच

जोतीरामकाकांच्या हातात कुठलाही कागद आला की ते आधी खिडकीपाशी जायचे. कागद उजेडात धरायचे, आडवा, मग उभा. विजेचं बिल असो नाहीतर लग्नाची पत्रिका. कागदामागं काहीतरी दडवलेलं असतंच, फक्त ते दिसायला वेळ लागतो, असं त्यांचं मत होतं.

कुपवाडच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. समोरासमोर दोन-दोन खोल्यांची घरं आणि मधून एक मोटरसायकल जेमतेम जाईल एवढी वाट. आमच्या दारासमोरचं दार जोतीराम गुरवांचं. घरात ते आणि सुलाकाकू, दोघंच. काका सव्वीस वर्षं एका फौंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी मालाला कडेनं नको असलेली झालर राहते आणि अंगाला जळकी वाळू चिकटलेली असते. ती सगळी ग्राइंडरनं घासून काढायची, म्हणजे फेटलिंग. शेडमध्ये सहा माणसं ओळीनं बसत. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं की त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ उभी दिसायची. बाकी वेळी दिसायची नाही, एवढंच.

यंदा फेब्रुवारीत कारखान्यातून पत्र आलं. ते त्यांनी तीनदा उजेडात धरलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"वाच. पन लिवलंय तेवढंच वाच. मनाचं घालू नगंस."

"ती कशाला मनाचं घालंल?" सुलाकाकू आतून म्हणाल्या.

"तू गप. हिचा मामा मालकाच्या भावाकडं ड्रायव्हर हाय."

माझा मामा तासगावला शिक्षक आहे. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी वाचलं.

पत्रात दोन गोष्टी होत्या. काका दोन महिने आजारपणाच्या रजेवर होते. आता महिनाअखेरीला ग्राइंडरवर हजर व्हायचं, नाहीतर आजार कामावरच्या धुळीनंच झाला असं छातीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं. ते आणलं तर धुळीबाहेरचं काम मिळेल. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की त्याच शेडमधल्या सहाही कामगारांच्या फुप्फुसांच्या तपासण्या निर्दोष आल्या असून बाकीचे पाच जण आजही कामावर आहेत, त्यामुळं श्री. गुरव यांचा आजार कारखान्याबाहेरचा असावा.

"निर्दोष!" काका हसले. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला संपेपर्यंत आम्ही दोघी भिंतीकडं बघत बसलो. त्यांना खोकताना कुणी बघितलेलं आवडायचं नाही.

"तीन वर्सं झाली तपासनीची गाडी आलेली न्हाई," ते म्हणाले. "मग हे कागद आलं कुठनं? मगदुमनं घरात बसून केल्यात. त्याची ती बारीक पेन्सिल बघितलीया न्हवं?"

धन्यकुमार मगदूम म्हणजे कारखान्यातले टाइमकीपर. हजेरी, रजा, तपासण्या, सगळे कागद त्यांच्या कपाटात. माणूस सूर्यास्ताआधी जेवणारा, हळू बोलणारा. हळू बोलणारा माणूस काकांच्या लेखी आधीच निम्मा गुन्हेगार होता.

संशय त्यांना पहिल्यापासून होता असं मात्र नाही, असं काकू सांगतात. औंधजवळच्या वाडीतून कुपवाडला आले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि सगळ्या जगावर त्यांचा भरवसा होता. वडील यमाईच्या पालखीपुढं शिंग फुंकायचे. काकांनी ते त्यांच्याकडून घेतलं. पितळी, वाकडं, चंद्रकोरीसारखं शिंग; अजूनही ते फडताळावर कापडात गुंडाळून ठेवलंय. काकांची छाती अशी, की डोंगराच्या पायथ्याशी फुंकलं की वर देवळातला पुजारी हात जोडायचा. कामाला लागल्यावरही यात्रेला ते रजा टाकून जात. आठ दिवसांची रजा मिळाली नाही तर दोन दिवसांची, पण जात.

फौंड्रीत मास्क दिलेले असत. घामानं भिजून ते तोंडाला चिकटत, दम कोंडे, म्हणून ते मोटरसायकलच्या हँडलला लटकत. तोंडाला रुमाल बांधायचा. आणि सुट्टीचा भोंगा झाला की दाराशी परात ठेवलेली असे. प्रत्येकानं गुळाचा खडा उचलायचा आणि चघळत घरी जायचं. गुळानं धूळ गळ्यातून पोटात जाते आणि पोटातली सकाळी पडून जाते, यावर सहाही जणांचा विश्वास होता. काकांना धाप लागायला लागली तेव्हा त्यांनी पहिला संशय घेतला तो गुळावर.

"आधी लिंबाएवढा खडा असायचा. मग सुपारीएवढा झाला. गूळ बारीक झाला आन् माझी छाती भरली. हिशेब सोपा हाय."

दोन वर्षांपूर्वी यात्रेत पालखी उठली आणि काकांचं शिंग मध्येच तुटलं. म्हणजे शिंग नाही, आवाज. त्यांनी पुन्हा ओठाला लावलं, पुन्हा तुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरव, म्हातारं झालासा." त्यानंतर ते यात्रेला गेले नाहीत. इकडं गल्लीतल्या डॉक्टरनं टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकीत काही निघालं नव्हतं, तरी दिल्या. वर्षानं पुन्हा दिल्या. गोळ्यांवरही त्यांचा संशय होता, आणि तेवढा एक नंतर खरा निघाला.

पत्र आल्यावर सुलाकाकूंनी मला बाजूला घेतलं. "तू संगं जा त्यांच्या. मी गेले तर डॉक्टरला सोडून माझ्यासंगंच भांडत्यात."

सांगलीतल्या एका दवाखान्यात छातीच्या डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काकांचा छातीचा फोटो काढून घेतला, दिव्याच्या पाटीवर लावला. काका माझ्या कानाशी आले. "बघ, हीपन उजेडात धरती." पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरबद्दल त्यांच्या आवाजात मला बरं काही ऐकू आलं.

फोटोत दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला बारीक ठिपके होते, जोंधळा सांडल्यासारखे.

"मला हा टीबी वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "किती वर्षं धुळीत आहात?"

"सव्वीस."

"वाळूची धूळ दिसतेय. पण कारखान्याचं पत्र म्हणतं की तपासण्या चांगल्या आहेत. ते कागद मला बघायला हवेत. सगळ्यांचे. तुमच्या एकट्याच्या फोटोवर मी लिहिलं तर ते लगेच दुसरं काहीतरी कारण काढतील."

कागद म्हणजे मगदूम. काकांना वाटलं होतं की ते नाही म्हणतील, टाळतील, चार दिवसांनी या म्हणतील. मगदुमांनी साहेबांना फोन करून विचारलं, कपाट उघडलं, झेरॉक्स काढल्या, लिफाफ्यात घालून दिल्या. वर म्हणाले, "जोतीराम, घरी बसून नीट बघा हं आधी. मग डॉक्टरांना दाखवा."

वाटेत काका माझ्या स्कूटरवर मागं बसून सारखे बोलत होते. "एवढ्या सरळ दिलं म्हंजी आत कायतरी हाय. घरी बघा म्हनतोय. घरी बघितलं की आपला हात लागला, आपन बदललं म्हनाया मोकळा." त्यांनी लिफाफा उघडला नाही, मलाही उघडू दिला नाही. डॉक्टरांच्या टेबलावर जाईपर्यंत तो त्यांच्या शर्टाच्या आत होता.

डॉक्टरांनी कागद काढले. शेवटच्या तपासणीचे सहा, त्याआधीच्या वर्षाचे सहा, असे मागंमागं. प्रत्येक कागदावर नाव, आकडे आणि एक रेघ. यंत्राच्या नळीत जोरानं फुंकलं की रेघ सरळ चढते आणि दम संपत जाईल तशी खाली येते. त्यांनी शेवटचे सहा ओळीनं मांडले. बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढला.

"सहा माणसं, वेगळी वयं, वेगळी उंची. आणि रेघ एकच?" त्यांनी पेन टेकवलं. "हे बघा. चढताना सुरुवातीलाच एक बारीक खाच आहे. सगळ्यांना, त्याच जागी. आधीच्या वर्षीही तेच. एकाच माणसाची रेघ सहा नावांवर चढवलीय कुणीतरी."

"मी म्हनलं न्हवतं!" काका माझ्याकडं वळले. दोन महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"खाली सही कोणाची आहे? धन्यकुमार मगदूम." डॉक्टरांनी कोरा कागद ओढला. "मी कारखाना निरीक्षकांना लिहिते. या माणसाचं नाव घालूनच लिहिते."

काकांनी एक कागद उचलला आणि सवयीनं खिडकीपाशी नेला. तिथं ते उभे राहिले. मला वाटलं धाप लागली असेल. मी उठले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तारीख काय हाय ह्याच्यावर?"

मी वाचली. तीन वर्षांपूर्वीची, जानेवारीतली.

"गाडी आली हुती त्या दिवसाची."

"हो."

त्यांनी कागद खाली केला. डॉक्टर लिहीत होत्या. मगदूम हे नाव त्यांनी अर्धं लिहिलं असेल.

"बाई, थांबा जरा," काका म्हणाले. "ते मगदुमनं न्हाई केलं. ते मी केलंय."

"तुम्ही? तुम्हाला यंत्र चालवता येतं?"

"यंत्र न्हाई वो. फुंकलंय मी. सगळ्यांचं मीच फुंकलंय."

मग त्यांनी सांगितलं. बसून, थांबत थांबत. तपासणीला त्या शेडमध्ये फुंकणी म्हणत. पहिल्या वर्षी फुंकणीत उदयसिंह नावाच्या माणसाचं कमी निघालं आणि आठवड्याभरात त्याला घरी बसवलं. धुळीतून बाहेर काढायला म्हणून नव्हे, नुसतं बाहेर. पुढच्या वर्षी गाडी आली तेव्हा शेजारच्या ग्राइंडरवरचा नाथाजी काकांचा हात धरून म्हणाला, जोत्या, माझं तेवढं तू फुंक. गाडीतल्या मुली नाव विचारायच्या, नळी द्यायच्या. तोंडाला रुमाल, अंगावर तोच निळा शर्ट, कोण ओळखणार? काका नाथाजी होऊन गेले. मग बाकीचे चारही मागं लागले. काका रुमाल बदलायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. पाच वर्षं सहा माणसांचा दम त्यांनी एकट्यानं फुंकला.

"लय मजा वाटायची," ते म्हणाले. "सहाव्या बारीलाबी काटा वर जायचा. नाथाजी म्हनायचा, तू आमचा भाता हायस. फुंकनी म्हंजी गाडी आली, फुंकली, गेली. ते कागद कोन जपून ठिवंल आन् माज्याच अंगावर घालंल, हे कुनाच्या ध्यानात यावं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. "मी हे कशावरून खरं मानू? तुम्ही त्या क्लार्कला वाचवत असाल."

काका खरोखर चकित झाले. आजवर संशय घेणारे ते होते. कुणी त्यांच्यावर घेतला नव्हता.

"ती खाच," ते म्हणाले. "शिंग फुंकताना आधी जिभेनं ठोका द्यावा लागतोय. त्याबिगर सूर उठत न्हाई. आमच्या बानं कानफटात मारून शिकवलंय ते. आता जीभ ऐकत न्हाई, काय फुंकाया गेलं की आधी ठोका पडतोय. आना तुमची नळी."

नर्सनं यंत्र आणलं. काकांनी नळी ओठात धरली, डोळे मिटले, फुंकले. छाती उचलली आणि तिथंच अडली. खोकल्यानं ते वाकले. दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्यांदा नर्स नको म्हणत होती तरी फुंकलं. यंत्रातून कागद सरकला. रेघ बुटकी होती, जुन्या रेघेच्या निम्मीही नव्हती. पण चढताना, अगदी सुरुवातीला, त्याच जागी खाच होती.

डॉक्टरांनी तो सातवा कागद त्या सहांच्या शेजारी ठेवला. त्यांनी निरीक्षकांचं पत्र फाडलं नाही, घडी घालून खणात टाकलं.

"तुमचा फोटो तुमच्या बाजूनं आहे," त्या म्हणाल्या. "पण कारखाना त्या पाच जणांकडं बोट दाखवणार. त्यांच्यातला एक तरी इथं येऊन स्वतःच्या नावानं फुंकू दे. मग मी लिहिते. आणि तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त गरज असेल तर?"

घरी जायच्या आधी काकांनी स्कूटर कारखान्याच्या फाटकाशी थांबवायला लावली. मगदूम बाहेरच होते, डबा घेऊन निघालेले.

"मीच फुंकलं म्हून डाक्टरनीला सांगून आलो. तुमाला म्हाईत हुतं," काका म्हणाले.

"एकच माणूस सहा वेळा माझ्या टेबलासमोरनं गेला. रुमाल तेवढा बदलायचा. एकदा तर लाल रुमाल दोनदा वापरलात."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर पाच जणांचा उदयसिंह झाला असता, असं वाटलं मला." मगदुमांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "आणि सही माझी आहे. म्हणून म्हटलं, घरी बसून बघा. तुम्ही माझं कशाला ऐकताय."

काका स्कूटरवर बसले. निघताना मात्र म्हणाले, "मानूस वाईट न्हाई. पन आधीच का न्हाई सांगितलं, ह्यात कायतरी हाय."

नाथाजी सुट्टीनंतर फाटकासमोरच्या टपरीवर सापडला. फाटकाशी झालेल्या बोलण्याची बातमी आमच्याआधी पोचली होती.

"या! आमचा भाता आला बघा."

"भात्याला भोक पडलंय गड्या."

"पडनारच. तोंडाला तर केवढं मोठं पडलंय." नाथाजीनं बशीतला चहा तसाच खाली ठेवला. "डाक्टरनीला सगळं वकून आलास म्हनं. आमी जित्तं हाय का मेलोय, तेवढं तरी इचारायचंस."

"तेच इचाराया आलोय."

"माझी नोकरीची चार वर्सं ऱ्हायल्यात जोत्या. उदयसिंहचं काय झालं इसरलास?"

"उदयसिंह घरी बसला. शेळ्या राखतोय, डोंगर चढतोय. आन् ग्राइंडरवर बसून ऱ्हायलेला मी बघ. तू सांग, तुझ्या घरचा जिना चढताना कितींदा थांबतूस?"

"मी कशाला थांबतूय? बिडी वढाया थांबतूय."

"बिडी सोडून धा वर्सं झाली की रं तुला!"

टपरीवाला हसला. नाथाजी हसला नाही. त्यानं खिशातून गुळाचा खडा काढला, बघितला, पुन्हा खिशात टाकला. "मी न्हाई येनार," तो म्हणाला. "आन् बाकीचंबी कुनी येनार न्हाईत. तुझं तू बघ."

महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. काका रोज दाराशी बसून मोटरसायकलींचे आवाज ऐकायचे. नाथाजीची बायको आमच्या गल्लीतून बाजाराला गेली तर काका म्हणाले, बघाया पाठवलीया. मगदुमांनी कुणाकडून तरी तब्येत विचारली तर म्हणाले, अंदाज घेतोय. मी जास्त बोलत नाही म्हणून त्यांनी माझ्यावरही एकदा संशय घेतला आणि दुसऱ्या दिवशी सुलाकाकूंच्या हाती पातेलीभर आंबील पाठवली.

शेवटच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांची वेळ एकपर्यंत होती. साडेबारा झाले. काका पायऱ्यांकडं तोंड करून बसले होते. पायऱ्या वीस-बावीस असतील. खालून कुणीतरी चढत होतं, चार पायऱ्या चढायचं, थांबायचं, चार चढायचं. काका उठले नाहीत. पण ते मोजत होते, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं.

नाथाजी वर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बोलण्याएवढा दम यायला त्याला वेळ लागला.

"पाचदा," काका म्हणाले.

"बिडी... वढत हुतो," नाथाजी म्हणाला.

आत नर्सनं नाव विचारलं. नाथाजीनं काकांकडं बघितलं. इतक्या वर्षांची सवय. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. नाथाजीनं आपलं नाव सांगितलं, रुमाल सोडला, नळी तोंडात घेतली.

रेघ आली तेव्हा कागद काकांनी मागून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"खाच हाय का?" नाथाजीनं विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

"मंग तुझाच हाय."

नाथाजी त्यांच्या खांद्यावरून डोकावला. रेघ कुठून कुठं जाते हे त्याला कळलं नसेल, पण कागदाचा वरचा सगळा भाग कोरा राहिला होता, तो त्याला दिसला. "लयच खाली हाय रं?"

"माझ्यापरास वर हाय. जरासं."

डॉक्टरांनी नाथाजीला फोटोसाठी आत पाठवलं आणि काकांचं प्रमाणपत्र लिहायला घेतलं. लिहून, सही करून, शिक्का मारून दिलं. बाहेरच्या बाकावर मी ते दोनदा वाचून दाखवलं. कामाच्या ठिकाणच्या वाळूच्या धुळीमुळे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. काकांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग कागद घेऊन ते व्हरांड्याच्या टोकाला गेले, जिथं ऊन येत होतं, आणि दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला.

नाथाजी शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "आता आनि काय बघतूस त्यात?"

"धूळ लिवलीया म्हनत्यात," काका म्हणाले. "दिसती का बघतूय."